कथा सुचत नाही, की सुचलेलं कथेपर्यंत पोचत नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतेय ते कळेल. तुम्ही पुण्याजवळ हिंजवडीत आयटी कंपनीत नोकरी करता, राहायला कोथरूडला आहात. कॉलेजात असताना दोन-तीन कथा लिहिल्या, मग लिहिणं सुटलं. आता पुन्हा सुरुवात करायची म्हणून रोज सकाळी सहाला टेबलाशी बसायचं ठरवलंत. ते दोन आठवडे टिकलं, आणि त्यातला बराचसा वेळ कोऱ्या पानाकडे बघण्यात गेला. जे थोडंफार सुचलं ते ‘हे कुणीतरी आधीच लिहिलेलं असणार’ म्हणून खोडून टाकलंत. आता तुम्हाला विचारायचंय की बरीच वर्षं लिहिणाऱ्यांना कथा सुचते कशी, आणि आधी रोजची सवय लावायची की काही सुचेपर्यंत थांबायचं.

मला वाटतं, अडचण तुमच्या शिस्तीत नाही आणि कल्पनाशक्तीतही नाही. तुम्ही सकाळी सहाला सुचण्यासाठी बसत होतात. माझ्या अनुभवात टेबलाशी बसून फार थोड्या कथा सुचतात. त्या सुचतात रेशनच्या रांगेत, भाजी निवडताना, दवाखान्याच्या बाकावर, बसमध्ये शेजारच्याचं बोलणं कानावर पडतं तेव्हा. टेबलाशी जे होतं ते बांधणीचं काम. ही दोन वेगळी कामं आहेत, दोन्हींची सवय लावावी लागते, पण ती एकाच बैठकीत आणि एकाच वेळी लागत नाही. हातात काहीच सामान नसताना तुम्ही रोज बांधकामाच्या जागेवर हजर होत होतात. दोन आठवडे टिकलात हेच पुष्कळ.

तेव्हा सवय आधी की सुचणं आधी, याचं माझं उत्तर असं: सवय आधी, पण ती टिपून ठेवण्याची. लिहायला बसण्याची सवय त्याच्या मागून येते आणि मग पुष्कळ सोपी जाते.

पुढे जाण्याआधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे माझं म्हणणं किती घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी बँकेतली नोकरी आणि घर सांभाळून कथा लिहिल्या. त्या बहुतेक दिवाळी अंकांतून आल्या. निवृत्तीनंतर नव्याने लिहिणाऱ्यांच्या कथा वाचते, त्यांच्याबरोबर बसून त्यावर बोलते. त्यामुळे मी सांगतेय ते लघुकथेला धरून आहे. कादंबरीचा दम वेगळा असतो, तिथे रोजच्या बैठकीचं महत्त्व आणखी वाढतं.

आणि बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, हे मोकळेपणाने सांगायला हवं. तुमच्या घरात लहान मूल आहे का, आजारी माणूस आहे का, स्वतंत्र खोली आहे का, रात्री परदेशातल्या लोकांबरोबर कॉल असतात का, यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. रात्री साडेअकराला कॉल संपवून पहाटे सहाला उठणाऱ्याला ‘पहाटे लिहा’ असं सांगणं म्हणजे त्याची झोप मोडणं. माझ्या ओळखीतल्या एक बाई मुलांना शाळेत सोडल्यावर गाडीतच अर्धा तास लिहितात, कारण घरात पाऊल टाकलं की तो अर्धा तास त्यांचा राहत नाही. पहाट काही पवित्र नाही. ज्या वेळी तुमच्याकडे कुणी काही मागत नाही, ती वेळ तुमची.

आता सुचण्याबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

नवीन लिहिणारे माझ्याकडे येतात ते बहुधा विषय घेऊन. पुण्यात हे विषय जवळजवळ ठरलेले आहेत. पेठेतला वाडा पाडून उभी राहणारी इमारत, अमेरिकेतली मुलं आणि इथले एकटे आई-वडील, टेकडीवर चढत जाणारी बांधकामं. विषय म्हणून यातला एकही खोटा नाही. पण ‘वाडा पडतो’ यावर लिहायला बसलं की दोन पानांत शाई आटते, कारण त्यात कुणाला काही करायचंच नसतं. सगळे नुसते हळहळत असतात.

त्याच वाड्याकडे असं बघा. सहा भाडेकरूंपैकी पाच जणांनी बिल्डरच्या करारनाम्यावर सह्या केल्यात. सहाव्याला सोमवारपर्यंत मुदत आहे. त्याचीही सही करायची तयारी आहे, पण खोलीची भाडेपावती अजून वडिलांच्या नावाने आहे, त्यामुळे भावाचीही सही लागणार, आणि भावाशी आईच्या तेराव्यापासून बोलणं बंद आहे. रविवारी सकाळी त्याला भावाच्या दारात जाऊन उभं राहावं लागणार आहे. इथे मला लगेच प्रश्न पडायला लागतात. तो एकटा जाईल की बायकोला नेईल? हातात काय घेऊन जाईल? भावाच्या मुलीने दार उघडलं आणि तिने त्याला ओळखलंच नाही तर? विषय तोच राहिला, पण आता एका माणसाला एक काम करणं भाग आहे, ते त्याला नको आहे आणि ते पुढे ढकलता येत नाही. एवढं हाताशी आलं की मी लिहायला बसते, त्याआधी बसत नाही.

हे जोडलं जातं कसं, ते माझ्या एका कथेवरून सविस्तर सांगते, कारण नुसत्या तत्त्वाने काही कळत नाही.

लक्ष्मी रोडच्या एका गल्लीत माझे जुने शिंपी आहेत. एकदा माझा ब्लाउज शोधताना त्यांनी वरच्या फळीवरून एक गठ्ठा खाली काढला. शिवून तयार असलेले, पण कुणी न्यायलाच न आलेले कपडे. प्रत्येकाला टाचणीने पावती लावलेली. ते म्हणाले, “पैशाचं सोडा, जागा अडते. पण टाकवत नाही.” एका मोरपंखी ब्लाउजवर टाचणीचा गंज उतरला होता आणि कापडावर बारीक तांबूस ठिपका पडला होता. घरी येऊन मी वहीत एवढंच लिहिलं: न्यायला न आलेले कपडे, मोरपंखी, टाचणीचा गंज, ‘टाकवत नाही’. हे चांगलं आहे हे कळत होतं. पण ही कथा नव्हती, कारण त्यात कुणाला काही करायचं नव्हतं. मी तिला ओढूनताणून कथा करायला गेले नाही. नोंद वहीत पडून राहिली.

बऱ्याच महिन्यांनी स्वारगेटहून सिंहगड रोडला जाणाऱ्या बसमध्ये पुढच्या सीटवरची एक मुलगी फोनवर कुणाला तरी सांगत होती, “आईचं माप त्यांच्या वहीत आहे ना, मग त्याच मापाने शिवायला सांग. नवीन माप नाही घ्यायचं.” एवढंच ऐकलं. पुढच्या स्टॉपला ती उतरली. नवीन माप का नाही घ्यायचं, याचं खरं उत्तर मला माहीत नाही आणि ते मला नकोही होतं. वाक्य वहीत उतरवताना ते आपसूक त्या गठ्ठ्याला जाऊन चिकटलं. आई आजारी आहे, खंगली आहे, आणि मुलीला ते मान्य करायचं नाहीये. म्हणून ती जुन्याच मापाचा हट्ट धरते.

आता टेबलाचं काम सुरू झालं. पहिला प्रश्न, ही गोष्ट कुणाची? मुलीच्या बाजूने दोन पानं लिहून पाहिली. ती रडत होती आणि ती रडणार हे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं. मग शिंप्याच्या बाजूने लिहिलं आणि गोष्ट हलायला लागली, कारण करायचं काम त्याच्याकडे होतं. त्याने त्या आईला गेल्याच महिन्यात रस्त्यात पाहिलंय. त्याची नजर आयुष्यभर मापं घेत आली आहे, त्यामुळे ती किती उतरली आहे हे त्याला टेप न लावता कळलंय. वहीतल्या मापाने शिवलं तर नातवाच्या मुंजीत तो ब्लाउज तिच्या अंगावर लोंबणार, सगळ्यांच्या देखत. मुलीला ‘तुमची आई बारीक झाली आहे’ असं तोंडाने सांगणं त्याला जमत नाही. मुंज परवावर आली आहे. त्या रात्री त्याला कापड कापावंच लागणार.

शेवट मात्र अडला. अशा वेळी मी डोक्याला ताण देत बसत नाही, त्या कामातल्या माणसाकडे जाते. माझ्या शिंप्यांना विचारलं, शिवलेला ब्लाउज नंतर किती वाढवता येतो? त्यांनी एक ब्लाउज उलटा करून बाजूच्या शिवणी दाखवल्या, आत ठेवलेली माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जादा कापड, दाखवलं. म्हणाले, एरवी ठेवतो त्याहून जास्त ठेवली तर आत थोडं जाड लागतं, पण गरज पडली की टीप उसवून सैल करता येतं. कथेचा शेवट तिथेच मिळाला. कथेतला शिंपी डोळ्यांनी घेतलेल्या मापाने शिवतो, आत नेहमीच्या दुप्पट माया ठेवतो आणि मुलीला काहीच सांगत नाही. आई बरी झाली तर तोच ब्लाउज सैल करता येईल. हे मला खुर्चीत बसून सुचलं नसतं, कारण ही शक्यता शिवणकाम जाणणाऱ्यालाच ठाऊक असते.

यात किती वेगवेगळी कामं झाली पाहा. एक नोंद कारण नसताना केली. ती नोंद होती म्हणून दुसरं वाक्य ऐकताना कान टवकारले, एरवी ते बसमधलं बोलणं म्हणून विरून गेलं असतं. मग कुणाच्या बाजूने सांगायचं ते लिहून पाहिल्यावर ठरलं. आणि शेवट विचारपूस केल्यावर मिळाला. लोक ‘सुचलं’ म्हणतात ते या सगळ्याला मिळून म्हणतात. त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की एका क्षणात काहीतरी वरून येऊन पडलं.

याच उदाहरणावर तुमची दुसरी भीतीही तपासून पाहा, ‘हे आधीच लिहिलेलं असणार’ ही. आजारी आई आणि ते न स्वीकारणारी मुलगी यावर मराठीत किती कथा असतील, मोजदाद नाही. त्याने माझं काहीही अडलं नाही. टाचणीचा गंज आणि शिवणीतली माया माझी होती. तुम्ही कल्पना एका ओळीत मांडून तिची परीक्षा घेता, आणि एका ओळीत मांडली की जगातली प्रत्येक गोष्ट जुनी वाटते. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत हा प्रश्न स्वतःला विचारूच नका. पूर्ण झाल्यावर जरूर विचारा, तेव्हा त्याचं खरं उत्तर मिळतं.

आणि तुमच्याकडे तर अशी सामग्री आहे जी माझ्याकडे नाही. तुम्ही ज्या कामात रोज नऊ-दहा तास घालवता, ते आतून जाणणारे लाखो लोक या शहरात आहेत, पण त्यावर मराठीत आतल्या माहितीने लिहिलेल्या कथा मला फार कमी वाचायला मिळतात. रात्री अडीचला ऑन-कॉलचा फोन वाजतो तेव्हा घरात कोण जागं होतं? कोण जागं असून झोपल्याचं सोंग घेतं? टीममधल्या पाच चांगल्या माणसांपैकी एकाला कमी रेटिंग द्यायचंच आहे, शुक्रवारपर्यंत नाव कळवायचंय, आणि त्यातल्या एकाने कालच होम लोन घेतल्याचे पेढे वाटले आहेत. हे मी बाहेरून ऐकलेल्या तुकड्यांवरून लिहितेय, तरी यात माणूस आहे, काम आहे आणि मुदत आहे. तुम्हाला तर त्या मीटिंग रूममध्ये एसी किती थंड असतो आणि अशा वेळी कोण कुणाकडे बघायचं टाळतं, तेही माहीत आहे. सुरुवात तिथून करा. वाडा आणि आजी माझ्या पिढीकडे राहू द्या.

आता वहीबद्दल. वही म्हणा, मोबाइलमधल्या नोट्स म्हणा, मला फरक पडत नाही. फरक पडतो तो काय टिपता याने. बहुतेक जण विचार टिपतात: ‘आजकाल माणसं एकटी पडत चालली आहेत’. अशा नोंदीतून कधीच काही उगवत नाही. बोललेली वाक्यं जशीच्या तशी टिपा, शब्द न सुधारता. वस्तू टिपा, जागेच्या नावासकट. कुणी काही अनपेक्षित केलं तर ते टिपा, आणि त्याचं कारण लिहू नका. कारण लिहिलं की नोंद तिथेच मिटते.

शहर आपण होऊन परिस्थिती तयार करून देतं, तिकडेही लक्ष असू द्या. पावसाळ्यात खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीपात्रातला रस्ता बंद होतो आणि नारायण पेठ आणि डेक्कन यांच्यातलं दोन मिनिटांचं अंतर एकदम वाढतं. आपण त्याचा फोटो काढून पाठवतो आणि विसरतो. लिहिणाऱ्याने थांबून विचारायचं की आज कुणाला पलीकडे वेळेवर पोचणं भाग होतं? कुणाला न पोचायला हे आयतं निमित्त मिळालं? मला स्वतःला दुसऱ्या प्रश्नात जास्त रस आहे.

आणि माणसांना विचारायला शिका, कारण प्रश्न बरोबर असेल तर पुढचा माणूस अर्धी कथा देऊन जातो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. त्या पाण्याने खडकवासल्याचं धरणही फुटलं आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. ते पाहिलेली माणसं आता थोडी उरली आहेत. त्यांना ‘पूर कसा होता’ विचारलं तर तुम्हाला वर्तमानपत्रात छापून आलेलं तेच ऐकायला मिळेल, कारण ते उत्तर त्यांनी कित्येकदा दिलेलं असतं. त्याऐवजी विचारा, “घरातून निघताना पहिल्यांदा काय उचललंत?” मी हे विचारत आले आहे. त्यावर माणसं थांबतात. मग कुणी शिलाई मशीन म्हणतं, कुणी दुसऱ्याच्या ठेवीला दिलेल्या बांगड्या म्हणतं, कुणी म्हणतं की काहीच नाही, नुसतं कुलूप लावलं. वाहून जाणाऱ्या घराला कुलूप लावणारा माणूस मिळाला की आणखी काय हवं?

इथवरचं थोडक्यात: टिपणं दिवसभर करायचं, टिपलेल्याला लगेच कथा करायला जायचं नाही, दोन नोंदी एकमेकींना चिकटल्या की कोणाला काय करणं भाग आहे ते शोधायचं, आणि मग टेबलाशी बसायचं.

टेबलाच्या सवयीबद्दल दोन-चार गोष्टी सांगते.

एकवीस दिवसांत सवय लागते असं सगळीकडे म्हणतात, त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांचा या विषयावरचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी रोज ठरावीक वेळी करायची एकेक साधी गोष्ट निवडली होती, जेवणाबरोबर फळ खाणं, पाणी पिणं, थोडं धावणं, अशी. ती गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसात फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. तुम्ही दोन आठवड्यांत हात टेकलेत आणि लिहिणं तर ग्लासभर पाण्यापेक्षा कितीतरी अवघड. म्हणजे तुम्ही अपयशी झालात असं म्हणण्याइतका वेळच तुम्ही दिलेला नाही. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती मला जास्त मोलाची वाटते: एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही. मी पाहिलेले बहुतेक लोक दिवस चुकल्याने सोडत नाहीत, चुकल्याची टोचणी लागून सोडतात. घरात कुणाचं ऑपरेशन आहे, दिवाळीचा फराळ चालू आहे, प्रोजेक्टची डेडलाइन आहे, तर नाही लिहिलं. दुसऱ्या दिवशी मागचं भरून काढायला जाऊ नका, नेहमीइतकंच लिहा.

नेहमीइतकं म्हणजे किती? नोकरी करणाऱ्याला मी एक पान सांगते, हाताने लिहिलेलं. वेळेचं बंधन मला पटत नाही, कारण पाऊण तास बसणं हे नुसतं खिडकीबाहेर बघूनही पूर्ण होतं. एक पान झालं की उठायचं, ओघ असला तरी. ओघ असताना उठण्याचा फायदा दुसऱ्या दिवशी कळतो. मी उठताना पुढच्या वाक्याचे दोन-तीन शब्द लिहून ठेवते. म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी गाठ पडत नाही, अर्धवट वाक्याशी पडते, आणि ते पुरं करायला प्रेरणा लागत नाही. मधल्या चोवीस तासांत ते मनात घोळत राहतं आणि अंघोळ करताना त्याच्या पुढचं सापडतं. हातात अर्धी कथा असलेल्या माणसाला बाहेरचं जग वेगळं दिसतं. तो बसमध्ये ऐकतो, दुकानात बघतो, आणि त्यातलं जे त्याच्या कथेच्या उपयोगाचं असेल ते त्याला नेमकं सापडतं. म्हणूनच मी म्हणते की सतत काहीतरी अर्धं चालू असणं ही सुचण्याची सगळ्यात खात्रीची वाट आहे.

ज्या दिवशी एक ओळही पुढे सरकणार नाही, त्या दिवशी वहीतली एक नोंद उघडून ती पाच-सहा वाक्यांत नीट लिहून काढा. तेही त्या दिवसाचं लिखाण. फक्त टेबलाशी बसल्यावर मागचं वाचून दुरुस्त करत बसू नका. पहिलं पान वीसदा घासून गुळगुळीत झालेलं आणि तिसरं पान लिहिलेलंच नाही, अशा कथा माझ्याकडे खूप येतात. आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, उताणा-पालथा नव्हे, दुसऱ्या खोलीत.

स्वतःला दिलेलं वचन मोडणं सोपं असतं, दुसऱ्याला दिलेलं मोडताना लाज वाटते. आपल्या कथाकादंबरीचा मोठा भाग या लाजेवर उभा आहे असं माझं मत आहे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये पुण्यात ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि त्यात आपल्या कादंबऱ्या क्रमशः छापल्या. दर आठवड्याला वाचक पुढच्या भागाची वाट बघतोय म्हटल्यावर सुचण्याची वाट कोण बघणार? मग १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला आणि पुढे ती प्रथाच पडली. अंक दिवाळीला येतो, पण संपादक कथा मागतात उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला. माझ्या कित्येक कथा केवळ त्या तारखेमुळे पूर्ण झाल्या. तुम्हाला अजून कुणी संपादक विचारणार नाही, तर तारीख स्वतः तयार करा. लिहिणारे दोन-तीन जण शोधा, महिन्यातून एकदा भेटायचं आणि प्रत्येकाने पूर्ण झालेलं काहीतरी मोठ्याने वाचायचं एवढाच नियम ठेवा. ‘पूर्ण झालेलं’ हा शब्द सोडू नका. अर्धी कथा वाचली की लोक सूचना देतात आणि मग ती कथा तुमची राहत नाही. मोठ्याने वाचण्याचाही एक हक्काचा फायदा आहे: संवादातला खोटा सूर डोळ्यांना दिसत नाही, कानाला लगेच कळतो. आपल्या टीममधला मुलगा छापील भाषेत बोलायला लागला की वाचताना जीभच अडखळते.

तुमच्यासाठी नेमकं सांगायचं तर सकाळी सहाचं टेबल सध्या बंद ठेवा. पुढचे काही आठवडे फक्त टिपा, रोज दोन नोंदी, त्यातली एक ऑफिसमधली. हिंजवडीला जाता-येता तुम्ही वाकडच्या पुलाशी जेवढा वेळ अडकून पडता, तेवढ्यात ते होऊन जातं, अर्थात गाडी तुम्ही चालवत नसाल तर. चालवत असाल तर आवाजात रेकॉर्ड करा आणि रात्री उतरवून घ्या. वही वीसेक पानं भरली की एका रविवारी सगळ्या नोंदी सलग वाचा. कुठल्या दोन एकमेकींकडे ओढ घेतात ते बघा. एकही जोडी जुळली नाही तर आणखी थोडे दिवस टिपा. जुळली तर सोमवारपासून रोज एक पान, जी वेळ तुम्हाला सोयीची असेल तेव्हा.

पहिली कथा पुरी झाली की ती महिनाभर बाजूला ठेवा आणि लगेच दुसरी सुरू करा. महिन्याने पहिली काढून मोठ्याने वाचा, जिथे कंटाळा येईल तिथे पेन्सिलीने रेघ मारा. बहुतेक वेळा पहिली दीड-दोन पानं तशीच उडवता येतात, कारण त्यात आपण स्वतःलाच गोष्ट समजावून सांगत असतो. स्पर्धेला किंवा अंकाला पाठवायची ती त्यानंतर. पाठवताना एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नका, संपादकांना ते आवडत नाही, आणि आपल्याकडे एक प्रत ठेवा.